डावा कौल

"बा देवा, बारा वाड्यांच्या राखणदारा, बंदराच्या धन्या महाराजा!"

"होय महाराजा!"

"आज ह्यो तुझो लेक आत्माराम तुझ्या पायाकडे उभो रवलो आसा. सोबत तुझी तीन लेकरां आसत. पडाव पाण्यात तयार आसा, गाडी येळेवर हाडलेली आसा. ह्या कामाक तू पाठराखण कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

हे गाऱ्हाणं चाललं होतं दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात. आणि ज्या देवापुढे ते चाललं होतं, त्याच देवाच्या पाठीमागे मी, कस्टमचा इन्स्पेक्टर वसंत काळमेघ, गुडघे टेकून, दगडाला चिकटून बसलो होतो. देव म्हणजे छातीएवढ्या उंचीचा एक काळा दगड. त्याला खांद्यासारखे दोन उंचवटे होते आणि डोक्यावर शेंदूर. देऊळ नाही, घुमटी नाही, वर फक्त एका जुन्या उंडीच्या झाडाची सावली. त्या झाडावर ओंबील होते. ओंबील म्हणजे तांबड्या मुंग्या, पण मुंगी हा शब्द त्यांना फारच सौम्य पडतो. माझ्या मानेवर, मनगटावर, बनियनच्या आत त्यांनी केव्हाच ठाणं मांडलं होतं आणि मला हूं की चूं करायची सोय नव्हती.

मी अचलपूरचा. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. नोकरीने एकदम या दक्षिण कोकणातल्या एका लहानशा बंदरावर आणून टाकलं. सात महिने झाले होते आणि होडीत पाय ठेवताना मी अजूनही दोन्ही हातांनी काठ धरायचो. माझ्या मदतीला लवू नाईक नावाचा शिपाई होता. माणूस इथलाच, पन्नाशीचा, कामाला चोख. आत्माराम रेवंडकर ऊर्फ आत्मा तांडेल, म्हणजे पडाव नावाच्या मोठ्या होडीचा प्रमुख, एका मुंबईच्या शेठची चांदी चोरून देशाबाहेर काढणार आहे, ही बातमी त्यानेच तीन महिने खपून जमवली होती.

"रात्री नाय जावचो तो," लवू मला म्हणाला होता. "रात्री आपली गस्त आसता. तो दुपारी, मासे मारूक जातंय असा दाखवून जातलो. पण सायबांनू, एक गोष्ट पक्की. ह्या देवाक गाऱ्हाणां घातल्याशिवाय आणि कौल घेतल्याशिवाय ह्या बंदरातलो एकव तांडेल मोठ्या कामाक पडाव सोडूचो नाय."

"कौल म्हणजे?"

"देवाच्या दोनय खांद्यांक फुलाची एकेक पाकळी पाण्यान चिकटवतत. उजवी आधी पडली तर देव होय म्हणता. डावी पडली तर नको. मगे काय्यक झाला तरी नको."

मला हे ऐकून आनंदच झाला. सुपरिटेंडंट दिघेसाहेबांनी माझ्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. "काळमेघ, माल रस्त्यात पकडलास तर ते म्हणतील, आम्ही देवळाला दान नेत होतो. समुद्रात पकडायला गेलास तर माल बुडवून मोकळे होतील. चांदीची पहिली लादी पडावात पडू दे, मग ऊठ. त्याआधी उठलास तर वकील म्हणेल, ही नुसती तयारी होती. तयारीला शिक्षा नाही, प्रयत्नाला आहे. मधली रेघ ओळखायला शीक." मी विचार केला, हे लोक देवापुढे सगळा बेत मोठ्याने बोलून दाखवणार असतील, तर पुरावा ऐकायला देवाच्या पाठीमागच्यापेक्षा चांगली जागा कुठली? म्हणून आम्ही दोघं तिथे. लवू देवाच्या उजव्या अंगाला, मी डाव्या. आमची बाकीची माणसं दूर, सुरूच्या बनात.

गाऱ्हाणं रंगात आलं होतं.

"शेठच्या अठरा लाद्या आसत, महाराजा. तुका सगळा म्हायत आसा, तुझ्याकडसून काय लपवचा? खोल पाण्यात मोठां जहाज उभां आसा. थंयपर्यंत सुखरूप घेवन जा. आणि जो कोण कस्टमवालो आडवो येत, तेची वाट दुसऱ्या बंदराक वळव रे महाराजा!"

"होय महाराजा!"

हा होकार दोन खलाशी आणि गाडीवान दाजी या तिघांनी दिला. आणि चौथा आला माझ्या उजव्या बाजूने, अगदी हळू, पण मनापासून. मी मान वळवून पाहिलं. लवूने दोन्ही हात जोडले होते, डोळे मिटले होते. माझी नजर पडताच त्याने डोळे उघडले आणि जीभ चावली. जन्मभर गाऱ्हाण्याला होय म्हणत आलेला माणूस, त्याचं तोंड त्याने कितीदा म्हणून धरून ठेवायचं! समोरच्यांनी काही ऐकलंसं दिसलं नाही. आत्मा मात्र क्षणभर थांबला, दगडाकडे टक लावून पाहिलं, आणि मग त्याने जास्वंदीच्या दोन पाकळ्या तांब्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांना लावल्या.

मग सगळे पाकळ्यांकडे बघत उभे राहिले. शेठचा मुकादम तेवढा बाजूला गॉगल लावून घड्याळ बघत होता. तो मुंबईचा, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मागे दाजीची बैलगाडी होती, वर जाळी टाकलेली, आणि जाळ्यांखाली चांदी. पाण्यात पडाव हलत होता. वारा पार पडला होता. देव समुद्राकडे तोंड करून, आम्ही त्याच्या पाठीशी, म्हणजे देवाचा डावा खांदा तोच माझा डावा. ती डावी पाकळी माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होती. पाच मिनिटं गेली असतील. पाकळ्या जागच्या हलेनात. आत्म्याच्या कपाळावरून घाम गळताना मला दिसत होता. इतक्यात एक ओंबील माझ्या गालावरून चढून वरच्या ओठावर आली आणि नाकपुडीत शिरायच्या बेताला लागली. तिला मी कसंबसं उडवून लावलं.

डावी पाकळी पडली.

आत्मा तांडेल वाकला. पाकळी उचलली, दोन्ही डोळ्यांना लावली आणि मागे न बघता म्हणाला, "दाजी, गाडी परतय."

"ए तांडेल, डोकं फिरलं काय तुझं?" मुकादम धावत आला. "एक फूल पडलं म्हणून माल परत? भरती उतरेल!"

"उतरांदे. देवान नको म्हटल्यान. आता ह्या बंदरातलो एकव माणूस तुझ्या लादयेक हात लावचो नाय. तुझ्या शेठाक जावन सांग."

दाजीने बैल वळवले. खलाशी पडावाकडे पाहून सुस्कारे टाकत होते. माझ्या डोळ्यांसमोरून तीन महिन्यांची मेहनत चाकांवर बसून गावात परत निघाली होती. उद्या ती कुठल्या बंदरावर जाईल कुणाला ठाऊक. दिघेसाहेबांची रेघ, पहिली लादी, सगळं विसरून मी उठलो आणि शिट्टी फुंकली.

पुढचं सगळं दोन मिनिटांत आटोपलं. मुकादम जो पळाला तो कुणालाच सापडला नाही, त्याचा गॉगल तेवढा वाळूत राहिला. आत्मा मात्र जागचा हलला नाही. अंगभर ओंबील घेऊन उड्या मारणाऱ्या माझ्याकडे त्याने एकदा नीट पाहिलं.

"सायबांनू," तो म्हणाला, "जरा उशीर झालो तुमका."

"उशीर कसला? बरोब्बर वेळेवर आलोय," मी गुरकावलो. पण ते वाक्य माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं ते बसलंच.

पंचनामा मीच लिहिला. गाडी पाण्यापासून वीस पावलांवर, बैल जुंपलेले, बैलांची तोंडं पूर्वेकडे, जाळ्यांखाली चांदीच्या अठरा लाद्या. दिसलं ते सगळं लिहिलं. पाकळीचं लिहिलं नाही. पंचनाम्यात पाकळीसाठी रकाना नसतो, अशी मी माझी समजूत घातली.

खटला तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला तो आठ महिन्यांनी. चांदी सरकारजमा झाली होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण ती आपली आहे असं म्हणायला शेठ काही पुढे येणार नव्हता. प्रश्न माणसांचा होता. बेकायदा निर्यातीचा प्रयत्न केला, एवढाच आरोप होता. तो सिद्ध झाला तर आत्म्याला तुरुंग आणि त्याचा पडावही जप्त. पडाव आमच्या चौकीजवळ वाळूवर काढून ठेवला होता आणि उन्हाने त्याच्या फळ्या उकलायला लागल्या होत्या. मी रोज चौकीत जाताना तो मला दिसायचा.

साक्षीच्या दिवशी सकाळी दिघेसाहेबांनी मला कोर्टासमोरच्या हॉटेलात बोलावलं. कटवडा मागवला, स्वतः खाल्ला नाही, माझ्यापुढे सरकवला.

"त्या आरोपीचा वकील नेवगी आहे. म्हातारा आहे, पण बेरकी आहे. तो पाकळीवर येणार."

"हो साहेब."

"पाकळी पंचनाम्यात नाही. तू दगडामागे होतास, मुंग्या चावत होत्या. तुला काही दिसलं नाही. यात खोटं काय आहे? मुंग्या चावत नव्हत्या का?"

"चावत होत्या, साहेब."

"मग झालं. दोन वर्षांत सुपरिटेंडंट होशील. वडा खा."

मी वडा खाल्ला. साहेबांसमोर तो टाकायचा कसा?

कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर आत्म्याची बायको शेवंती बसली होती. ती प्रत्येक तारखेला येऊन बसायची. कुणाशी बोलायची नाही. आज लवूची साक्ष आधी होती म्हणून मी तिच्या समोरच्या बाकावर बसून होतो. नजर कुठे ठेवावी कळेना. मग तीच बोलली.

"तुमीच काय ते काळमेघसायब?"

"होय."

"मी सोडवा म्हणनंय नाय. तेनी केल्यान ता वायटच. ह्या शेठच्या कामाक होय म्हटल्यान तेवापासून मी तेच्याशी बोलाक नाय होतंय." तिने पदर सारखा केला. "पण तुमी जां बघलास तां सांगा. उणा नको, अधिक नको."

मी काही उत्तर देण्याआधीच आतून हशा ऐकू आला. कोर्टात एवढा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. पाठोपाठ लवू घामाने निथळत बाहेर आला.

"काय झालं रे?"

"सायबांनू, मेलंय मी. नेवगी वकिलान इचारल्यान, गाऱ्हाण्याक तुमी पण होय महाराजा म्हटलास काय? शपथ घेतलेली. देवाच्या कामात खोटां कसा बोलू? होय म्हटलंय."

"मग?"

"मगे तो मॅजिस्ट्रेटाक म्हणालो, साहेब, चांदी सुखरूप पोचांदे म्हणान सरकारी शिपायान पण प्रार्थना केली, तेकाव आरोपी करूचा काय?"

एरवी मीही हसलो असतो. पण तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

मॅजिस्ट्रेट पुण्याकडचे होते. कडक माणूस. तपकिरीची डबी टेबलावर, पण कोर्टात कधी उघडायची नाही. सरकारी वकिलांनी माझ्याकडून सगळं सरळ वदवून घेतलं. गाडी किनाऱ्यावर, पडाव पाण्यात, खलाशी हजर, बेत स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवलेला. आणखी काय उरलं होतं? लाद्या उचलून पडावात ठेवणं, बस. याला प्रयत्न म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

नेवगी वकील सावकाश उठले. सत्तरीचे, कोट विटलेला, आवाज मऊ.

"काळमेघसाहेब, बैलांची तोंडं कुठे होती?"

"पूर्वेकडे."

"आणि समुद्र?"

"पश्चिमेला."

सरकारी वकील उठले. "माल उतरवायचा म्हणजे गाडीची पाठ पाण्याकडेच करतात. त्यात नवल काय?"

"बरोबर आहे," नेवगी म्हणाले. "बैलांच्या तोंडावरून काही ठरत नाही. म्हणून तर साहेबांना विचारतोय. तुम्ही देवाच्या कुठल्या अंगाला होतात?"

"डाव्या."

"किती अंतरावर?"

"वीतभर."

"कौल लावलेला पाहिलात?"

मी समोर पाहिलं. दिघेसाहेब पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी हलकेच नकारार्थी मान हलवली. आरोपीच्या पिंजऱ्यात आत्मा खाली बघत उभा होता. दारात शेवंती आली होती.

"पाहिला," मी म्हणालो.

"कुठली पाकळी पडली?"

"डावी."

दिघेसाहेबांची घडी सुटली.

"त्यानंतर आरोपी काय म्हणाला?"

"दाजी, गाडी परतय, असं म्हणाला. गाडीवानाने बैल वळवले. मग मी उठलो."

नेवगींनी मान लववली आणि ते खाली बसले. आणखी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. मला वाटलं सुटलो. पण मॅजिस्ट्रेट माझ्याकडे बघत होते.

"इन्स्पेक्टर, एक मी विचारतो. समजा, तुम्ही उठलाच नसतात. मग काय झालं असतं?"

"मला कसं सांगता येईल, साहेब" असं म्हणायची सोय होती. ते खोटंही ठरलं नसतं. दोन वर्षांत सुपरिटेंडंट होण्याएवढी ती सोय होती. पण उन्हाने उकललेल्या पडावाच्या फळ्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या आणि ते उशीर झाल्याचं वाक्यही आठवलं.

"गाडी गावात परत गेली असती, साहेब," मी म्हणालो.

निकाल आठवड्याने लागला. मॅजिस्ट्रेटनी लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे. आरोपीच्या रिवाजाप्रमाणे कौल मिळाल्याशिवाय पडाव सुटत नाही, तेव्हा कौल होईपर्यंत मागे फिरण्याची वाट खुली होती. कौलानंतर आरोपी मागे फिरलेला खुद्द सरकारी साक्षीदाराने पाहिला. त्या घटकेपर्यंत जे घडलं ती तयारी होती, प्रयत्न नव्हे. आरोपी निर्दोष, पडाव परत द्यावा. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यांनी सही केली, डबी उघडली आणि भर कोर्टात तपकीर ओढली.

पडाव पुन्हा पाण्यात गेला त्या दिवशी मी चौकीच्या खिडकीतून बघत होतो. आत्मा मला भेटायला आला नाही आणि तेच योग्य होतं.

माझी बदली महिन्याभरात झाली. दिघेसाहेब भयंकर चिडले होते. असा माणूस समुद्रावर कामाचा नाही, याला अशा जागी टाका जिथे याला खारं पाणी चाखायलाही मिळणार नाही, असं त्यांनी वर कळवलं. आणि मला तंबाखूच्या शेतांची पाहणी करायला पाठवलं, अमरावती जिल्ह्यात, घरापासून पंधरा मैलांवर! ऑर्डर वाचून मी चौकीचं दार लावून घेतलं आणि एकटाच नाचलो. आई त्या दिवसापासून दिघेसाहेबांना देवमाणूस म्हणायची. मी तिची चूक कधी दुरुस्त केली नाही.

सुपरिटेंडंट मी झालो तो दोन वर्षांत नाही, अकरा वर्षांत. त्याचं दुःख झालं नाही. मी सुखाने नोकरी केली, सुखाने सुटलो. फक्त एक गोष्ट मनात राहिली होती आणि ती मी बायकोलाही सांगितलेली नव्हती.

खटल्यानंतर एकतीस वर्षांनी बायकोच्या हट्टापायी आम्ही कोकणात फिरायला गेलो. तिला मी तरुणपणी ज्या समुद्राला घाबरायचो तो बघायचा होता. बंदर बरंच बदललं होतं, पण उंडीचं झाड होतं आणि त्याखाली तो काळा दगडही होता. सावलीत एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काळमेघसायब! ओंबील अजून वरती आसत हां, जपान बसा!"

त्याच्या घरी गेलो. शेवंतीने कोरा चहा आणि फणसाची साटं, म्हणजे फणसपोळ्या, पुढे ठेवल्या. माझ्या बायकोला तिने जवळ बसवून घेतलं. लवू वारल्याचं कळलं. नेवगी तर केव्हाच गेले होते. बोलता बोलता विषय खटल्यावर आला आणि मला राहवेना.

"आत्माराम, तुम्हाला एक सांगायचंय. कोर्टात मी खोटं बोललो नाही. पण सगळंही बोललो नाही. कुणी विचारलं नाही म्हणून."

"काय ता?"

"तुमचा देव त्या दिवशी काहीच बोलला नव्हता. माझ्या ओठावर ओंबील चढली होती. हात हलवता येईना, म्हणून मी जोरात फुंकर मारली. ती पाकळी माझ्या फुंकरीने पडली. तुमचा कौल मी दिला."

बोलून टाकल्यावर मला एकदम हलकं वाटलं, पण भीतीही वाटली. ज्या कौलावर हा माणूस एकतीस वर्षं सरळ चालला तो मी एका वाक्यात काढून घेतला होता.  आत्म्याने चहाची कपबशी खाली ठेवली. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतेय. ती हसत होती.

"सांगा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी पण सांगा. माका सांगितलास, सायबांका पण कळांदे."

आत्म्याने कान खाजवला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस चक्क लाजला होता.

"सायबांनू, त्या शेठच्या माणसान माका म्हटल्यान, ह्या दर्यात असलां काम करणारो तुझ्यासारखो तांडेल नाय. मी फुगलंय आणि होय म्हटलंय. मगे ह्या बायल बोलाचा बंद झाला. जेवण वाढी, पण शब्द नाय. मी मनातसून पार खचलंय. पण तांडेलान एकदा होय म्हटल्यार नाय कसा म्हणतलो? माणसान नाय म्हटला तर शेठ सोडूचो नाय. देवान नाय म्हटला तर कोण काय करतलो?"

"मग?"

"मगे मी ठरवलंय. उजवी पाकळी पाण्यात चांगली भिजवलंय आणि दाबून लावलंय. डावी नुसती बुडवली असा दाखवलंय. कोरडीच होती ती. नुसती टेकवून ठेवलंय. म्हटलंय, जरा वारो इलो काय पडात."

"आणि?" मी विचारलं.

"पण त्या दिवशी वारोच नाय!" आत्म्याने दोन्ही हात पसरले. "पाच मिन्टां झाली, पाकळी हलाक नाय. वर त्या आधी दगडाच्या आतसून 'होय महाराजा' आयकाक इला. लवूचा ता, पण माका तेवा काय म्हायत? म्हटलंय, मेलंय! देवान माझी लबाडी वळाखल्यान. आता ह्यो माका चांदी घेवन दर्यात घालतलो.  आणि तेवढ्यात फूर्र झाला आणि पाकळी पडली. मी म्हटलंय, देवा, माका पावलस बाबा, माझ्यासारख्या लबाडाकव तू सांभाळलस."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला वाटत होतं..."

"वाटत होता, देवाक मी फसवलंय. म्हणान दरवर्षी तेका एक नारळ जास्ती देतंय."

आता माझी बायकोही हसायला लागली. मला मात्र हसू येता येता डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. एकतीस वर्षं मी एका बाजूने आणि तो दुसऱ्या बाजूने, एकाच पाकळीचं ओझं दोघांनी वाहिलं होतं. आत्म्याने कपबशी पुन्हा उचलली. मग एकदम त्याचे डोळे चमकले. कोर्टात खेटे घालून ऐकलेले ते दोन शब्द तो विसरला नव्हता.

"म्हणजे सायबांनू," तो म्हणाला, "तयारी माझी, आणि प्रयत्न तुमचो."

मी हात जोडले.

"होय महाराजा!"